गणित 'वाचता' येते का?

पानोपानी यांचा प्रश्न

नमस्कार. वाचनाची सवय मला लहानपणापासून आहे आणि ती आजही टिकून आहे. कादंबरी, चरित्र, इतिहास, वैचारिक लेख असे जे हाती येईल ते मी वाचते. मात्र गेल्या काही महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून मी जरा अस्वस्थ आहे. मजकुरात आकडा आला की माझी नजर त्यावरून घसरून थेट पुढच्या वाक्यावर जाते. 'अमुक इतक्या टक्क्यांनी वाढ झाली' हे वाक्य मी वाचते, पण त्यातून माझ्यापाशी उरते ते फक्त 'वाढ झाली' एवढेच. शब्द अडला तर मी शब्दकोश उघडते. आकडा अडला तर तो अडला आहे हेही मला कळत नाही.

शालेय जीवनात मला गणितात चांगले गुण मिळत असत, त्यामुळे गणिताची भीती वगैरे कारण मला लागू पडत नाही. मागे वळून पाहताना एवढेच जाणवते की गणिताचे पाठ्यपुस्तक आम्ही कधी वाचलेच नाही. सोडवून दाखवलेली उदाहरणे पाहायची, त्यांच्या नमुन्याप्रमाणे स्वाध्याय सोडवायचा, आणि या दोहोंच्या मध्ये छापलेला मजकूर परीक्षेत येत नाही म्हणून सोडून द्यायचा, अशी आम्हा सगळ्यांचीच रीत होती.

हा विषय आत्ता निघण्याचे कारण माझी सातवीतील मुलगी. तिने विचारले, "ऋण गुणिले ऋण धन का होते?" मी म्हटले, "तसा नियम आहे." त्यावर ती म्हणाली, "कुणी केला?" आणि मी निरुत्तर झाले. कवितेची ओळ तिला कळली नसती तर मी तासभर तिच्याबरोबर बसले असते. इथे मात्र एका वाक्यात प्रकरण मिटवू पाहिले, याचे मला वाईट वाटले.

म्हणून जाणकारांना विचारते: गणित ही वाचण्याची गोष्ट आहे का, की ती केवळ करण्याची गोष्ट आहे? वाचण्याची असेल तर ते वाचन इतर वाचनापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे असते? आणि माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या वाचकाने त्याची सुरुवात कुठून करावी?

---

खडूफळा

ताई, आपला प्रश्न वाचून मला थोडे अपराधी वाटले, कारण मी ३१ वर्षे गणित शिकवले आणि आपण वर्णन केलेली रीत वर्गावर्गांतून रुजवणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

शाब्दिक उदाहरणे आली की आम्ही मुलांना सांगत असू: 'एकूण' दिसले की बेरीज करा, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की गुणाकार किंवा भागाकार. याने गुण वाढतात हे खरे. पण याचा अर्थ आम्ही मुलांना उदाहरण न वाचण्याची युक्ती शिकवत होतो. 'मीनाकडे ८ गोट्या आहेत. त्या रवीच्या गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. रवीकडे किती गोट्या आहेत?' असे विचारले की 'जास्त' हा शब्द पाहून अर्धा वर्ग ११ असे उत्तर देत असे. बेरीज अचूक असे, पण वाक्य कुणी वाचलेले नसे.

हा दोष एखाद्या ठिकाणापुरता नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत झालेल्या एका देशव्यापी चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते की ११२८ सैनिकांना न्यायचे आहे आणि एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर किती बस लागतील. जवळपास ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. परंतु २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असे उत्तर लिहिले, १८ टक्के मुलांनी ३१ लिहिले, आणि ३२ हे उत्तर फक्त २३ टक्के मुलांना देता आले. 'बाकी १२' म्हणजे रस्त्यावर उभी राहिलेली १२ माणसे आहेत, हे भागाकार करणाऱ्या हाताला ठाऊक नव्हते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे त्याच सुमारास केलेला प्रयोग तर याहून बोलका आहे. प्राथमिक वर्गांतील मुलांना विचारले गेले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून वय काढून दाखवले. या मुलांना मी निर्बुद्ध म्हणणार नाही. गणिताच्या तासाला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, एवढे शाळेने त्यांना नीट शिकवले होते, आणि ते त्यांनी निमूटपणे पाळले.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी एक बदल केला. फळ्यावर उदाहरण लिहिताना संख्यांच्या जागी रिकाम्या चौकटी काढत असे. 'एका बसमध्ये ☐ सैनिक बसतात, एकूण सैनिक ☐ आहेत.' आकडेच नसल्यामुळे हात चालवता येत नाही आणि वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काय दिले आहे, काय विचारले आहे, उत्तर साधारण मोठे येईल की लहान, पूर्णांक येईल की अपूर्णांक, हे सगळे मुलांनी सांगितल्यावरच मी चौकटी भरत असे. सुरुवातीला वर्गात फार कुरकुर झाली, आणि अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मला वरून विचारणाही झाली. तरीही पुन्हा संधी मिळाली तर मी हेच करीन.

मुलीसोबत उलट दिशेनेही जाऊन पाहा. तिला ७ × ८ + ३ एवढेच लिहून द्या आणि यावर बसेल अशी गोष्ट रचायला सांगा. नंतर ७ × (८ + ३) द्या. कंसाने गोष्टीत काय बदलले हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगावे लागेल, आणि ते तिला एकदा सांगता आले की कंस आधी का सोडवायचा, हे पाठ करण्याची गरज उरणार नाही.

---

शेष_शून्य

आधी मुलीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो सर्वांत चांगला प्रश्न आहे.

तिच्याकडून ही ओळ क्रमाने लिहून घ्या: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. डावीकडची संख्या एकेकाने कमी होत आहे आणि उत्तर प्रत्येक वेळी २ ने वाढत आहे. आता पुढची पायरी (−१) × (−२) ही आहे. नमुना मोडायचा नसेल तर उत्तर +२ येणे भाग आहे. हे पटते, परंतु हा नमुना आहे, सिद्धता नव्हे, आणि सातवीतील मुलीला हा फरक सांगायला हरकत नाही. सिद्धता हवी असेल तर (−१) × (१ + (−१)) घ्या. कंसात शून्य आहे, म्हणून उत्तर शून्य. आता कंस उलगडा: (−१) × १ अधिक (−१) × (−१). यातला पहिला भाग −१ आहे. दोन्ही मिळून शून्य व्हायचे असेल तर दुसरा भाग +१ असलाच पाहिजे.

म्हणजे 'नियम कुणी केला' याचे उत्तर असे की, धन संख्यांबाबत खरा असलेला कंस उलगडण्याचा नियम ऋण संख्यांबाबतही खरा राहावा, एवढी एकच इच्छा आपण धरली. बाकीचे आपोआप आले. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम लिहिले तेव्हा दोन ऋणांचा गुणाकार धन असतो हे स्पष्ट नोंदवले होते. याउलट युरोपातील काही गणिती अठराव्या शतकापर्यंत ऋण राशींना संख्या मानायलाच कां-कूं करत होते. तेव्हा आपल्या मुलीची शंका फार जुन्या आणि मोठ्या माणसांच्या पंगतीतली आहे, असे तिला अवश्य सांगा.

आता वाचनाविषयी. आज गणित म्हटले की डोळ्यांसमोर येणारी चिन्हे तुलनेने अलीकडची आहेत. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला तो संपूर्ण शब्दांत. त्यात एकही चिन्ह नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' सुमारे ११५० ची आणि ती पद्यात आहे; उदाहरण आधी श्लोक म्हणून समजावे लागते आणि मगच सोडवता येते. बरोबरीचे '=' हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापले, आणि दोन समांतर रेषांइतक्या समान अशा दुसऱ्या कोणत्याही गोष्टी नसतात असे त्याचे कारण दिले. तात्पर्य, मानवाने गणित जितका काळ केले त्यातला मोठा भाग ते गद्य किंवा पद्य म्हणूनच वाचले गेले. चिन्हांमुळे लेखन आटोपशीर झाले, पण त्याची किंमत वाचकाने मोजली: पूर्वी जे अर्ध्या पानात सांगितले जाई ते आता एका ओळीत मावते, आणि आपण ती ओळ इतर ओळींच्याच वेगाने वाचायला जातो.

त्याच बरोबरीच्या चिन्हाचे पाहा. ८ + ४ = ☐ + ५ या चौकटीत काय येईल, असे अमेरिकेतील काही शाळांमध्ये विचारले गेले; १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांपैकी एकानेही ७ हे उत्तर दिले नाही. जवळजवळ सर्वांनी १२ किंवा १७ लिहिले. त्यांनी '=' हे चिन्ह 'दोन्ही बाजू सारख्या आहेत' असे वाचलेच नव्हते; 'आता उत्तर लिहा' अशी ती आज्ञा आहे असे ते समजत होते. वर्षानुवर्षे ज्याने चिन्हाच्या उजवीकडे फक्त उत्तरच पाहिले आहे, त्याने दुसरे काय समजावे?

वाचन वेगळे कसे, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. मूळ संख्या अनंत आहेत, याची युक्लिडची सिद्धता सुमारे २३०० वर्षे जुनी आहे आणि चार-पाच वाक्यांत मावते. कोणतीही यादी घ्या, त्यातील सर्व मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही मूळ संख्येने भागले तर बाकी १ उरते. म्हणून तिचा कोणताही मूळ भाजक यादीबाहेरचाच असणार, आणि म्हणून यादी अपुरी आहे.

आपण हे वाचलेत आणि बहुधा पटलेही. आता सांगा, ती नवी संख्या स्वतः मूळ असते का? घाईने वाचणारे जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात, आणि मीही एके काळी तसेच समजत होतो. २ × ३ + १ = ७, मूळ. २ × ३ × ५ + १ = ३१, मूळ. पुढे २११ आणि २३११, दोन्ही मूळ. त्यापुढची संख्या ३००३१. ती मूळ आहे की नाही, हे मी सांगणार नाही. पेन्सिल घ्या आणि वरील सिद्धता पुन्हा वाचा. तिने नेमके काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, ते शब्द न शब्द पाहा. गणिताचे वाचन म्हणजे हेच. एका पानाला एक संध्याकाळ लागली तर ती सावकाश झाली असे मी म्हणणार नाही.

---

पाढेपाठक

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी माझा थोडा मतभेद नोंदवतो. समजून वाचण्याचा आग्रह धरताना पाठांतराची टिंगल करण्याची जी पद्धत हल्ली पडली आहे, तिचा मला कंटाळा आला आहे.

अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाला वाक्याचा अर्थ लागत नाही, कारण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. साता आठे छप्पन्न हे ज्याला बोटे मोजून काढावे लागते, त्याची अवस्था तशीच होते. शेष_शून्य यांनी सांगितलेली ३००३१ ची खटपट तो तिसऱ्या भागाकारातच सोडून देईल. पाढे म्हणजे गणिताच्या वाचनाची मुळाक्षरे होत. ती आधी जिभेवर बसली पाहिजेत. अर्थ नंतर सावकाश येऊ शकतो, आणि तो येताना पाढ्यांतूनच येतो. साती साती एकोणपन्नास आणि साहे आठे अठ्ठेचाळीस. आठी आठी चौसष्ट आणि साता नवे त्रेसष्ट. एक कमी का होतो, हे ज्याला पाढे येतात त्यालाच जाणवेल, आणि जाणवले तरच तो 'का' असे विचारेल.

आपल्या संख्यानामांविषयीही एक निरीक्षण आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. 'एकोणतीस' या शब्दात तर वजाबाकीच दडलेली आहे: एकाने ऊन तीस. लॅटिनमध्येही १९ ला 'विसाला एक कमी' असेच म्हणत. आपण एकोणनव्वदपर्यंत हे व्रत पाळतो आणि नव्याण्णवला येऊन मोडतो. लहान मूल ऐकलेली संख्या उलटी लिहिते तेव्हा त्याचे गणित कच्चे आहे असे लगेच ठरवू नये. त्याने कदाचित कानाने ऐकले तसेच, प्रामाणिकपणे लिहिलेले असते.

---

आकडेमोड

आरोग्यविषयक आकडेवारीशी माझा व्यवसायाने संबंध आहे, म्हणून पानोपानी यांच्या पहिल्या परिच्छेदावर, म्हणजे नजर घसरण्यावर, लिहितो. ऋण संख्या आणि मूळ संख्या यांवाचून माणसाचे फारसे अडत नाही. टक्क्यांवाचून मात्र रोज अडते.

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ, आणि बातमी याच शब्दांत पसरली. पुष्कळ स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. मूळ आकडे असे होते: जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७००० स्त्रियांपैकी सुमारे एकीला हा त्रास होत असे, नव्या गोळ्यांमुळे तो सुमारे दोघींना होऊ लागला. '१०० टक्के' आणि '७००० मध्ये आणखी एक' ही एकाच वस्तुस्थितीची दोन वाक्ये आहेत. पहिल्याने घबराट झाली. पुढील वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले, असा अंदाज नंतर मांडला गेला. त्यातला कटू भाग असा की गर्भारपणात गुठळ्यांचा धोका या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. आकडा खोटा नव्हता, पण तो अर्धाच छापला गेला आणि उरलेला अर्धा मागण्याची सवय वाचकांना नव्हती.

म्हणून टक्के दिसले की 'कशाच्या?' एवढे एकच विचारायचे. व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ५ टक्के झाला तर तो एका अंकाने वाढला असेही म्हणता येते आणि २५ टक्क्यांनी वाढला असेही. बोलणारा त्याच्या सोयीचे वाक्य निवडतो. शंभराचे २० टक्क्यांनी वाढून १२० झाले आणि पुन्हा २० टक्क्यांनी घटले तर शंभर परत येत नाहीत, ९६ येतात, कारण दुसऱ्या वेळचे टक्के १२० चे आहेत.

याच प्रश्नाची अवघड पण अत्यंत उपयुक्त बाजू वैद्यकीय चाचणीत दिसते. समजा, एक आजार हजारात १० जणांना असतो; चाचणी आजारी असलेल्या १० पैकी ९ जणांना पकडते, आणि निरोगी असलेल्या १० पैकी एकाला चुकून आजारी ठरवते. आपली चाचणी आजार दाखवते. आजार खरोखर असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. आता टक्के बाजूला ठेवा आणि माणसे मोजा. हजारातले आजारी १०, त्यांपैकी ९ जणांची चाचणी आजार दाखवील. निरोगी ९९०, त्यांपैकी ९९ जणांचीही चाचणी आजार दाखवील. म्हणजे असे १०८ जण, आणि त्यांत खरे आजारी ९. बारात एक. हे समजायला सूत्र लागत नाही. आजारी पडलेल्यांपैकी चाचणीने पकडलेले किती आणि चाचणीने पकडलेल्यांपैकी आजारी किती, ही दोन वाक्ये वेगळी आहेत एवढे वाचता यावे लागते. मराठी वाचणाऱ्याला 'मुलाचा बाप' आणि 'बापाचा मुलगा' यांतला फरक कळतो. इथे तेवढेच लागते.

आलेखही याच नजरेने वाचावेत. ५० आणि ५२ या दोन स्तंभांचा आलेख ४९ पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आधी डावीकडचा तळाचा आकडा वाचायचा, मग स्तंभ पाहायचे.

---

चाळता_चाळता

आकडेमोड, आपले म्हणणे पटले, पण प्रत्येक आकड्यापाशी असे थांबायचे ठरवले तर सकाळचे वृत्तपत्र रात्रीपर्यंत संपणार नाही आणि वाचनाचा आनंदही जाईल, त्याचे काय?

---

आकडेमोड

बरोबर आहे, मीही थांबत नाही. ज्या आकड्यामुळे मला राग येतो, भीती वाटते किंवा काही निर्णय घ्यावासा वाटतो, त्याच आकड्यापाशी थांबतो. असे दिवसाला एक-दोन निघतात. बाकीच्यांना आपल्यासारखेच चाळून पुढे जातो. मोठ्या संख्यांसाठी मात्र एक लहानशी सवय ठेवली आहे, ती म्हणजे त्यांना सेकंदांत मोजणे. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस आणि शंभर कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे. 'लाखो' आणि 'अब्जावधी' हे शब्द एकाच परिच्छेदात शेजारी बसलेले दिसले की मला एकाच्या जागी पंधरवडा आणि दुसऱ्याच्या जागी निम्मे आयुष्य दिसू लागते.

---

पानोपानी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण नुसते वाचून आभार मानले असते तर माझा मूळ प्रश्न मीच खरा ठरवला असता.

ऋणाची ओळ मुलीने स्वतः लिहिली. शून्यापर्यंत आल्यावर ती थांबली, हसली आणि मी काही सांगण्याआधीच +२ लिहून मोकळी झाली. कंसाची सिद्धता तिला तितकीशी आवडली नाही. "हे बरोबर आहे, पण पहिले खरे वाटते," असे तिचे मत पडले. या दोन शब्दांवर आम्ही बराच वेळ बोललो, आणि अशा गप्पा आमच्यात गणितावरून प्रथमच झाल्या. खडूफळा सरांचे ७ × ८ + ३ दिल्यावर तिने सात मैत्रिणींना आठ-आठ चित्रे वाटून तीन स्वतःकडे ठेवली. कंस घातल्यावर ती तीन चित्रे प्रत्येकीला वेगळी द्यावी लागली, आणि "कंस महागात पडला," असा शेरा तिने मारला.

३००३१ माझ्यावर सोपवली होती. मी दोन ते तेरापर्यंत भाग देऊन पाहण्याचा विचार केला आणि मग लक्षात आले की ती बाकी १ उरणार, हे तर सिद्धतेतच लिहिलेले आहे. इथवर मी ती सिद्धता चार वेळा 'वाचली' होती. मग १७ पासून सुरुवात केली. १९, २३, २९, ३१ असे करत गेले. ४३ च्या सुमारास ती मूळच असणार अशी खात्री वाटू लागली, आणि पाढेपाठक यांनी म्हटल्याप्रमाणे मध्येच सोडून द्यावेसेही वाटले. अकराव्या भागाकाराला ५९ ने भाग गेला: ५९ × ५०९. संख्या मूळ नाही, आणि तरीही ५९ आणि ५०९ हे दोघेही यादीबाहेरचेच निघाले, म्हणजे युक्लिडचे वाक्य अक्षरशः जसे होते तसेच खरे ठरले. 'ती संख्या मूळ असते' हे त्याने कुठेच म्हटलेले नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले होते.

मुलगी आता मागे लागली आहे की यादीत १७ घालून पुढची संख्या काढू. ती ५१०५११ येते. पुन्हा अकरा भागाकार करावे लागणार अशा तयारीने आम्ही दोघी दोन पेन्सिली घेऊन बसलो, तर पहिल्याच झटक्यात १९ ने भाग गेला. भागाकार आला २६८६९. तो मूळ आहे की त्यालाही कुणी भागते, हे ठरायचे आहे. ४१ पर्यंत तपासून झाले आहे.